उतारावरचं ऑइल

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फोटो काढायचा नाद आहे, हे मला त्याने आमच्या गाडीखालच्या डागाचे सहा फोटो ग्रुपवर टाकले तेव्हा कळलं. एक वरून, एक बाजूने, आणि एक तर बहुतेक पालथं पडून काढलेला, कारण त्यात गाडीचं पोट दिसत होतं. खाली लिहिलेलं, ‘नवीन पेव्हर ब्लॉकवर ऑइल सांडणाऱ्या सभासदांनी नोंद घ्यावी.’ सभासदांनी, म्हणे. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकोणीस वर्षं जुनी गाडी एकच, ती आमची. हाच माणूस लिफ्टमध्ये रोज भेटतो, ‘काय ताई, बऱ्या ना?’ विचारतो, आणि तोंडावर बोलायची वेळ आली की मोबाइलच्या मागे लपतो.

दोन दिवसांनी पत्र आलं. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. एका महिन्यात गळती थांबली नाही तर आमचं पार्किंग रद्द करून वेटिंग लिस्टवरच्या सभासदाला देण्यात येईल. वेटिंग लिस्टवर पहिलं नाव सेक्रेटरीच्या मेहुण्याचं होतं, तो नुकताच बी विंगमध्ये राहायला आलेला. मी काही म्हणत नाही. आणि पार्किंग तरी कसलं, तर तळघरात उतरणाऱ्या रॅम्पच्या कडेची उतरती पट्टी. गेल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून जागा नव्याने वाटल्या तेव्हा ती आमच्या गळ्यात पडलेली. चिठ्ठ्या सेक्रेटरीनेच उचललेल्या. आता तीही यांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

डोंबिवलीत पार्किंग गेलं म्हणजे गाडी गेली. आमच्या गल्लीत रस्त्यावर सायकल टेकवायला जागा नाही, गाडी लावली तर संध्याकाळपर्यंत आरसा तरी मोडणार नाहीतर टोइंगवाले उचलून तरी नेणार. आणि गाडी गेली की बाबांचं बाहेर पडणं संपलं.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. ठाण्यातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि केसाएवढा फरक निघाला तरी परत पाठवायचा. रिटायर झाल्यावर हातात आलेल्या पैशातून त्यांनी ही गाडी घेतली. आमच्या कल्याणच्या चाळीत तोवर कोणाकडे चारचाकी नव्हती. पहिल्याच वर्षी ते ती घेऊन नागपूरला दीक्षाभूमीला गेले. आई पुढे, मागे आत्या आणि तिची दोन मुलं, आणि डिकीत भाकऱ्यांचं गाठोडं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी चालवणं सोडलं. तेव्हापासून मी चालवते आणि ते बाजूला बसून पायाने ब्रेक मारतात.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दर पौर्णिमेला मी त्यांना कल्याणला जुन्या चाळीजवळच्या विहारात नेते. तिथे त्यांच्या वयाची चार माणसं उरलीत. वंदना झाली की ती चौघं आणि हे पाचवे, तासभर कोणाचं काय दुखतं ते एकमेकांना सांगतात, आणि येताना बाबा दहा वर्षांनी लहान दिसतात. गुडघे असे झालेत की रिक्षात चढायचं तर मला त्यांचा पाय हाताने उचलून आत ठेवावा लागतो, आणि ते त्यांना मुळीच खपत नाही. गाडीत मात्र ते आपले आपण बसतात. एवढ्यासाठी मला ती गाडी ठेवायची होती. बाकी गाडीवर माझं काही प्रेमबिम नाही.

पहिला मेकॅनिक शीळफाट्याजवळचा. मी चालवत गाडी आत नेली, मी उतरले, मी बॉनेट उघडलं, आणि त्याने मला विचारलं, “मिस्टर नाही आले?”

“मिस्टर वीस वर्षांपूर्वी गेले,” मी म्हटलं. “जिवंत आहेत, पण गेले.”

मग तो माझ्याशी बोललाच नाही. जे काय बोलायचं ते बाबांशी. त्याने इंजिनाला खालून दोन बोटं लावली, वास घेतला, डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो ना, तसं. म्हणाला, “टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, काका.” म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं त्याच्या कडेचं रबर. कशावरून? तर म्हणे वीस वर्षांचा अनुभव. वर हेही म्हणाला की गाडीला एक लिंबू-मिरची बांधा, नजर लागलेली दिसते. बाबा हसले. आमच्या गाडीत पुढे एक छोटी बुद्धमूर्ती आहे, लिंबू-मिरची आमच्यात कधी कोणी बांधली नाही. ज्याला गळतीचं कारण दिसत नाही त्याला नजर बरोबर दिसते.

पॅकिंग बदललं, त्यावर केकवर क्रीम थापावं तसं सिलिकॉन थापलं, नवीन ऑइल भरलं. शनिवारी गाडी घरी आली. रविवारी बाबा खाली गेले.

दर रविवारी सकाळी ऑइल बघणं हे काम त्यांनी कोणाला दिलेलं नाही. बॉनेट उघडायचं, डिपस्टिक ओढायची, ती जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायची, परत घालायची, परत ओढायची, आणि चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरायची. त्या पट्टीवर दोन खुणा असतात, एक वरची, एक खालची. ऑइल त्या दोघींच्या मध्ये हवं. कमी असलं की मला हाक, आणि कॅन मी आणायचा.

त्या रविवारीही हाक आली. “अगं, इकडे ये. हे बघ.”

मी बघितलं. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

“चोर आहे लेकाचा,” बाबा म्हणाले. “लिटरभर तरी खाल्लं त्याने.”

मला तर तेच हवं होतं. मी तिथूनच त्या माणसाला फोन लावला आणि त्याची अशी काय काढली की वॉचमन खुर्ची उचलून पलीकडे जाऊन बसला. तो बिचारा म्हणत होता, “मॅडम, मी तुमच्यासमोर अख्खा डबा ओतला.” मी म्हटलं, “समोर ओतलास आणि मागून काढलास.” आम्ही वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं. गुरुवारी खाली ताजा डाग होता आणि ग्रुपवर सातवा फोटो.

दुसरा मेकॅनिक कल्याणचा. याच्याकडे काचेची केबिन, एसी, आणि भिंतीवर सर्टिफिकेटं. हा बाईमाणसाशी बोलायचा, पण लहान मुलाशी बोलावं तसा. “ऑइल म्हणजे ना मॅडम, इंजिनचं रक्त.” मी ठाण्याला, नौपाड्यात, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून मी लोकांच्या रक्ताशिवाय दुसरं काही बघत नाही. मला रक्त म्हणजे काय ते हा सांगणार. त्याच्या मते गळत होतं ते क्रँकच्या मागच्या सीलमधून, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला जिथे जोडलेलं असतं तिथल्या रबरी रिंगमधून, आणि तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवायला लागणार. आणि तेवढं करण्यापेक्षा, म्हणाला, आजोबांची गाडी आहे, भंगारात द्या की. बाबा केबिनच्या बाहेरच उभे होते. मी म्हटलं, तुम्ही गिअरबॉक्स उतरवा, भंगाराचं मी बघते.

तीन दिवस गाडी त्याच्याकडे होती. परत देताना त्याने मला खाली ठेवलेला पुठ्ठा दाखवला, कोरडा ठणठणीत. घरी आणली. रविवारी बाबांची पट्टी, आणि पट्टीवर ऑइल परत खालच्या खुणेखाली. “हा तर त्याच्यापेक्षा मोठा चोर,” बाबा म्हणाले, “एसीचं बिल भरायचं असेल.” आम्ही परत भरलं. परत गळलं. मी फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे एक थेंब नाही गळला. तुमच्याकडेच गळते. तुमच्या पार्किंगमध्येच काहीतरी लफडं आहे.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

डोंबिवलीपासून शीळफाट्यापर्यंतचे झाडून सगळे मेकॅनिक ऑइलचोर आहेत, यावर आमच्या घरात एकमत झालं. बाबांचं आणि माझं इतक्या वर्षांत कशावरच इतकं जमलं नव्हतं. जेवताना आम्ही दोघं आळीपाळीने त्यांना नावं ठेवायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

महिना संपायला आठवडा उरला. सेक्रेटरी लिफ्टमध्ये म्हणाला, “ताई, टाइम जातोय हां.” मी ठरवलं, आता दुसऱ्या कोणाच्या बोटांवर विश्वास नाही.

आमच्या लॅबमध्ये घाणेरड्या काचेवर नमुना घेतला तर तो बघायच्या आधीच फेकून देतात. आणि हे दोन महाभाग एकोणीस वर्षांच्या तेलकट धुळीत बोट घालून सांगत होते की गळतं कुठून. तेल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं, खाली जिथे थेंब लोंबतो तिथूनच ते निघालेलं असतं असं थोडंच आहे? आधी धुवायला नको? रविवारी दुपारी, बाबांनी पट्टी बघून ऑइल भरून झाल्यावर, मी डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन दोन तास इंजिन घासलं. मग पुसून वरून सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरवली. पावडरीवर ओल उमटली की कळतं, वाट कुठून फुटली. हे मी मोबाइलवर बघितलेलं. पण मोबाइल त्या दोघांकडेही होता.

सोमवारी मी नेहमीसारखी ट्रेन न पकडता गाडी घेऊन कामाला गेले. लॅबच्या बिल्डिंगच्या आवारात, टाइल्स लावलेल्या सपाट जागेत लावली. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून खाली आले आणि बॉनेट उघडलं.

पावडर तीन ठिकाणी ओली होती. नवीन पॅकिंगच्या कडेला. मागे, नवीन सीलच्या बाजूला. आणि जिथे डिपस्टिक आत जाते त्या नळीच्या तोंडाशी. एखादा पार्ट खराब निघाला तर समजू शकते. पण दोन नवे आणि एक साधी नळी, तिन्ही एकदम रडायला लागली तर दोष त्यांचा नाही. आतूनच काहीतरी ऑइलला बाहेर ढकलत होतं.

मी पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं.

पुसली, घातली, परत ओढली. तेच. काल मी स्वतः ती पट्टी बघितलेली, बाबांनी भरायच्या आधी ऑइल खालच्या खुणेखाली होतं आणि भरल्यावर वरच्या खुणेला टेकलेलं. एका रात्रीत गाडी ऑइल प्यायची सोडून ऑइल बनवायला तर लागली नव्हती. तीच गाडी, तीच पट्टी, तेच ऑइल. बदलली होती फक्त जागा.

मग मला कळलं, आणि मी त्या आवारात एकटीच हसले. आमची जागा रॅम्पवर. गाडी तिथे नाक वर करून उभी असते. आतलं ऑइल सगळं मागे जाऊन बसतं आणि पट्टी असते पुढे. म्हणजे ती तिथे कायम कमीच दाखवणार. मेकॅनिक बरोबर भरून द्यायचा, आम्ही रविवारी त्याच्या नावाने बोटं मोडत वर लिटरभर ओतायचो, जास्तीचं ऑइल आत घुसळून मिळेल त्या फटीतून बाहेर यायचं, आणि जेवढं गळायचं तेवढं पुढच्या रविवारी आम्ही परत भरायचो. कल्याणचा तो शहाणा बरोबर बोलला होता, अंगण खरंच वाकडं होतं. पण मी त्याला फोन केला नाही. चोर नव्हता हे ठीक, पण गाडी आली की आत ऑइल किती आहे हे आधी बघायचं त्याला सुचलं नाही, आणि शीळफाट्याच्या नाडीवैद्यालाही नाही. त्यांना सॉरी म्हणायला माझी जीभ वळली नाही.

जवळच्याच एका गॅरेजमध्ये मी जादाचं ऑइल काढून घेतलं. सव्वा लिटर निघालं. संध्याकाळी रॅम्पवर येऊन पट्टी बघितली तर जवळजवळ कोरडी. गाडीखाली पुठ्ठा टाकला. मंगळवारी कोरडा, बुधवारी कोरडा, शनिवारपर्यंत कोरडा. गाडी वाचली होती. बाबांना हे लगेच सांगायचं ना? नाही. मी रविवारची वाट बघितली. मला ते करून दाखवायचं होतं. आता विचार करते तेव्हा वाटतं, सोमवारी संध्याकाळी चहा पिताना सांगितलं असतं तर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो.

रविवारी महिना संपत होता. सेक्रेटरी सकाळीच पाहणीला आला, पुठ्ठ्यापाशी उकिडवा बसला. वॉचमन होता, बी विंगचा मेहुणाही सहज फिरत फिरत आलेला. बाबा फडकं घेऊन खाली आले, पट्टी ओढली, चष्मा कपाळावर चढवला.

“अगं, एकदम कमी आहे. कॅन आण.”

“नाही आणणार,” मी म्हटलं. “बसा गाडीत.”

गाडी काढून मी गेटजवळच्या सपाट जागेत आणली. बाबांना उतरवलं, पट्टी ओढून त्यांच्या हातात दिली. ऑइल बरोब्बर दोन खुणांच्या मध्ये. मग मी बोलायला लागले, आणि इतके दिवस त्या दोन मेकॅनिकांना बोलून बोलून जीभ अशी सैल झालेली की थांबायचं नावच घेईना.

“चौतीस वर्षं मोजमाप केलंत ना बाबा? उतारावर उभं करून ऑइल मोजतं का कोणी? भांडं तिरकं धरलं की पाणी एका बाजूला जातं, हे बालवाडीतल्या पोराला कळतं. कारखान्यात असं माप घेतलं असतंत तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं तुम्हाला. दोन माणसांना चोर ठरवलं आपण. ते गळत नव्हतं, तुम्ही सांडत होतात.”

सेक्रेटरी हसला. “म्हणजे काका, घरचाच भेदी की.”

आणि मीही हसले. तेच मला अजून आठवतं. तो उतार त्यानेच आमच्या गळ्यात मारलेला, त्याच्या चिठ्ठीने. कॅन दर रविवारी मीच आणलेला. खालची खूण मीही बघितलेली, दोन्ही मेकॅनिकांना शिव्या मी घातलेल्या. पण सेक्रेटरीला मी एक शब्द बोलले नाही, स्वतःला तर नाहीच. समोर बाबा होते, आणि त्यांना बोलणं सोपं होतं.

बाबांनी पट्टी पुसली, आत घातली, बॉनेट दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. म्हणाले, “बरोबर आहे. सपाटीवरच बघायला पाहिजे होतं.” फडक्याची घडी केली आणि लिफ्टकडे गेले. मागून सेक्रेटरी मला म्हणत होता, “चला ताई, तुमचं पार्किंग पक्कं.”

नऊ दिवसांनी पौर्णिमा होती. मी रजा टाकली, गाडी पुसली, लिफ्टच्या दारापर्यंत आणून लावली आणि वर गेले. बाबांनी विहारात जायचे पांढरे कपडे घातलेच नव्हते. घरातल्याच लेंग्यावर खिडकीशी बसलेले.

“चला ना, उशीर होतोय.”

“मी नाही येत,” ते म्हणाले. “तिथे तरी काय, तीच चार माणसं.” थोड्या वेळाने म्हणाले, “गाडी विकून टाक. त्या मेहुण्याला देऊन टाक जागा.”

मी खूप समजावलं. आरडाओरडाही केला, कारण मला समजावण्याची दुसरी पद्धत येत नाही. मी कोणासाठी एवढं डिझेलमध्ये हात घातले, मी कोणाकोणाशी भांडले, सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मध्ये एकदा म्हणाले की पाणी दे, तेव्हा मी पाणी दिलं.

गाडी मी विकलेली नाही. रविवारी आता मी एकटीच खाली जाते, सपाटीवर आणून पट्टी बघते, माप कधी चुकत नाही. खाली एक थेंब नसतो. सेक्रेटरीच्या फोटोंचा विषय आता कोणाच्या तरी गॅलरीतल्या कुंड्यांकडे वळलाय. त्यानंतर चार पौर्णिमा झाल्या आणि चारही पौर्णिमांना बाबा घरी होते. विहारातल्या एका काकांचा फोन आला, तर बाबांनी त्यांना सांगितलं, गुडघा दुखतोय.

तिसऱ्या पौर्णिमेला मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, बाबा, माझं चुकलं, मी तसं बोलायला नको होतं. आयुष्यात मी माफी मागितल्याच्या वेळा बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली एकही मनापासूनची नव्हती, ही होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावलेले नव्हते, ते असते तर बरं झालं असतं.

“कशाबद्दल?” बाबा म्हणाले. “बरोबरच होतं की तुझं.”